घाम इथला, मोजपट्टी जिनिव्हाची

एखादा शिंपी स्वतःच्या गाळ्यात, स्वतःच्या यंत्रावर कपडे शिवतो. त्याची पत्नी काजे करते, बटणे लावते, हिशेबाची वही सांभाळते. लग्नसराईत हातातले काम सरत नाही, पावसाळ्यात ओढाताण होते. पण मुलांची शिक्षणे याच यंत्रावर पार पडतात. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्गवारीत हे पती-पत्नी ‘असुरक्षित रोजगार’ या रकान्यात जमा होतात. पगारी नोकर न ठेवता स्वतःचा धंदा करणारा आणि त्याला घरातून विनावेतन हातभार लावणारा, हे दोघे असुरक्षित, अशी ती व्याख्याच आहे. आता हाच शिंपी उद्या यंत्र विकून तयार कपड्यांच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली लागला, तर काय होईल? ना भविष्य निर्वाह निधी, ना रजा, ना उद्याची शाश्वती; तरीही त्याचे नाव त्या रकान्यातून निघते आणि जागतिक अहवालात देशाची एका माणसापुरती प्रगती नोंदवली जाते!

ही केवळ शब्दांची कसरत असती तर तिच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशातील काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारात होते. नियमित पगारदार २२ टक्क्यांच्याही आत आणि उरलेले रोजंदारीवर. म्हणजे जो भारतीय श्रमव्यवस्थेचा मुख्य प्रवाह आहे, त्याला जागतिक मोजपट्टी एक व्याधी समजते. या ५८ टक्क्यांत सगळेच सुखी आहेत असा दावा कोणी शहाणा माणूस करणार नाही. त्यात नाइलाजाने हातगाडी लावणारा आहे, तसा पिढीजात कौशल्यावर चार माणसांना शिकवून तयार करणारा सुतारही आहे. दोघांना एकाच नावाने हाक मारणारी मोजपट्टी दोघांनाही ओळखत नाही, ही खरी तक्रार आहे. दत्तोपंत ठेंगडी यांनी याच वर्गाला ‘विश्वकर्मा क्षेत्र’ असे नाव दिले होते. मालक आणि मजूर या दोन चौकटींत न बसणारा, स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर असलेला हा माणूस समजून घ्यायचा तर त्याच्यासाठी वेगळी चौकट आखावी लागेल, हे त्यांना दिसले होते. जगभरच्या श्रमसंशोधन संस्थांना ते दिसत नाही. किंवा दिसले तरी त्यांच्या सारणीत त्याला जागा नाही.

या संस्थांविषयी आदर बाळगण्यास कोणाची हरकत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९ साली स्थापन झाली तेव्हा परतंत्र असूनही भारत तिचा संस्थापक सदस्य होता आणि वॉशिंग्टनला भरलेल्या तिच्या पहिल्या परिषदेत भारतीय कामगारांची बाजू मांडण्यास आपले नारायण मल्हार जोशी उपस्थित होते. कामाचे तास, बालमजुरी, प्रसूतिरजा या विषयांत त्या व्यासपीठाने मोठे काम केले आहे. न्युरेम्बर्गची जर्मन रोजगार संशोधन संस्था १९६७ पासून आपल्या देशाच्या रोजगार खात्याच्या नोंदींवर चिकाटीने काम करते आहे; तिचा हेवा वाटावा. प्रश्न त्यांच्या विद्वत्तेचा नाही. विद्वत्तेला ‘जागतिक’ अशी मोहोर लागली की आपल्याकडचे शहाणे लोक तिच्यापुढे हात जोडून उभे राहतात, त्याचा आहे.

बॉनचा धडा

श्रमिक बाजाराच्या अभ्यासात गेल्या पाव शतकात ज्या संस्थेचा दबदबा सर्वाधिक होता, ती बॉनची श्रम-अर्थशास्त्र संस्था. १९९८ साली ती उभी राहिली, ती जर्मनीच्या डॉइश पोस्ट या बलाढ्य टपाल कंपनीच्या प्रतिष्ठानाच्या पैशावर. जगभरचे शेकडो अर्थतज्ज्ञ तिच्या जाळ्यात जोडले गेले आणि तिच्या शोधनिबंधांचा ढीग हजारांच्या घरात गेला. कंपनीचा प्रमुख हाच काही वर्षे संस्थेचाही अध्यक्ष होता. आणि शेवट काय झाला? प्रतिष्ठानाने हात आखडता घेतला आणि २०२५ साली या संस्थेवर बॉनमधला संसार आवरण्याची पाळी आली. जगाला रोजगाराच्या शाश्वतीवर प्रवचने देणाऱ्या संस्थेची स्वतःची शाश्वती एका देणगीदाराच्या मर्जीवर टांगलेली होती!

त्याच जर्मनीत मार्च २००८ मध्ये देशातल्या नामांकित आर्थिक संशोधन संस्थांच्या प्रमुखांनी एकत्र येऊन एक जाहीर पत्रक काढले होते. किमान वेतनाचा कायदा आणाल तर मोठ्या प्रमाणावर रोजगार बुडतील, असा इशारा त्यात होता. बॉनच्या संस्थेचे तत्कालीन संचालक बर्लिनच्याही एका संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांचीही त्यावर स्वाक्षरी होती. शेवटी १ जानेवारी २०१५ रोजी जर्मनीत तासाला साडेआठ युरो हे किमान वेतन लागू झाले. भाकीत केलेला प्रलय आला नाही. उलट २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मान्यवर अभ्यासात असे आढळले की, तळाच्या कामगारांचे वेतन वाढले, रोजगार घटला नाही आणि कामगार अधिक उत्पादक उद्योगांकडे वळले. खरे तर अमेरिकेत डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रुगर या दोघांनी १९९४ सालीच न्यू जर्सीतल्या खाद्यगृहांची पाहणी करून असेच निष्कर्ष मांडले होते. कार्ड यांना २०२१ साली नोबेल पुरस्कार मिळाला. मधल्या काळात ‘वेतन वाढवाल तर नोकऱ्या जातील’ हे सूत्र जगभरच्या मजुरांना वेदवाक्यासारखे ऐकवले गेले. ज्यांची पगारवाढ त्या सूत्रापायी अडली, त्यांची भरपाई कोणी केली नाही.

जर्मनीने निदान स्वतःच्या संसदेत निर्णय घेतला, स्वतःच्या नोंदी तपासल्या आणि तज्ज्ञांचे भाकीत चुकले हे स्वतःच सिद्ध केले. आपल्याकडे याच्या उलट घडले.

गुजरात कामगारधार्जिणा, केरळ मालकधार्जिणा!

हे वाक्य वाचून कोणाही मराठी माणसाला हसू येईल. परंतु हे वाक्य विनोदी नियतकालिकातले नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस या दोन प्राध्यापकांनी भारतातील कामगार कायद्यांवर एक निबंध लिहिला. अर्थशास्त्रात ज्याला शिरोमणी मानतात अशा एका अमेरिकी त्रैमासिकात तो २००४ साली छापून आला. १९५८ ते १९९२ या काळात भारतातल्या राज्यांनी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ज्या दुरुस्त्या केल्या, त्या या दोघांनी वाचल्या आणि प्रत्येकीला गुण दिले. कामगाराच्या बाजूची वाटली तर अधिक एक, मालकाच्या बाजूची वाटली तर उणे एक, मधली वाटली तर शून्य. मग वर्षागणिक बेरीज केली. या बेरजेतून गुजरात, महाराष्ट्र, ओरिसा आणि पश्चिम बंगाल ही चार राज्ये कामगारधार्जिणी ठरली. आणि केरळ हे आंध्र, तामिळनाडू, राजस्थान यांच्या पंगतीत मालकधार्जिणे ठरले!

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील आदित्य भट्टाचार्य यांनी २००६ साली ही बेरीज उलगडून पाहिली. गुजरातवरचा शिक्का कशामुळे? १९७३ सालच्या एकाच दुरुस्तीमुळे. कामगार आणि व्यवस्थापन यांच्या संयुक्त परिषदेवर मालकाने आपले प्रतिनिधी नेमले नाहीत तर दिवसाला ५० रुपये दंड, अशी ती दुरुस्ती. या ५० रुपयांच्या जोरावर गुजरात पुढची दोन दशके बंगालच्या शेजारी जाऊन बसला. एका वर्षात अनेक दुरुस्त्या झाल्या असतील तरी त्यांची दिशा पाहून एकच गुण द्यायचा, हीही त्या पद्धतीतली गंमत. कायदा पुस्तकात काय म्हणतो एवढेच पाहिले गेले. कारखान्याच्या फाटकावर काय घडते, याची पाहणी नाही. गुण देणाऱ्यांच्या हिशेबी महाराष्ट्र कामगारधार्जिणा असताना, त्याच महाराष्ट्रात १९८२ सालच्या संपानंतर गिरणगावाची वाताहत झाली. परळ-लालबागच्या कोणत्याही चाळीत जाऊन ‘कायदा तुमच्या बाजूचा होता का हो?’ असे विचारले असते, तर एका दुपारीत उत्तर मिळाले असते.

या बेरजेवर जो निष्कर्ष उभा राहिला तो असा: कामगारांच्या बाजूने कायदे केलेल्या राज्यांत संघटित कारखानदारीतील उत्पादन, गुंतवणूक आणि रोजगार घटले आणि शहरी गरिबी वाढली. त्या काळात औद्योगिकदृष्ट्या देशात अग्रेसर असलेली दोन राज्येच ‘दोषी’ यादीत होती, हे कोणाला खटकले नाही. निबंध जगभर उद्धृत झाला. भारतात कामगार कायदे शिथिल केले पाहिजेत असे म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ते ब्रह्मास्त्र आले. भट्टाचार्य यांचे खंडन एका भारतीय नियतकालिकात छापले गेले. ते वाचणारे थोडे. मूळ निबंध खोटा होता असे कोणी म्हणत नाही. त्यातील गणित नेटके होते. गणितात जे भरले होते, ते मात्र मातीला पाय न लागलेल्या माणसाने भरले होते.

जागतिक बँकेचेही तेच. तिच्या व्यवसाय-सुलभता अहवालात २००३ पासून कामगार ठेवण्या-काढण्याचा एक निर्देशांक होता. कामगाराला काढणे जितके सोपे, तितके गुण अधिक. जगभरच्या कामगार संघटनांनी आवाज उठवल्यावर एप्रिल २००९ मध्ये बँकेने आपल्याच अधिकाऱ्यांना सांगितले की, या निर्देशांकाच्या आधारे कोणत्याही देशाला धोरणाचा सल्ला देऊ नका. म्हणजे सहा वर्षे जे औषध म्हणून पाजले, त्याच्या बाटलीवर नंतर चिठ्ठी लावली: पोटात घेऊ नये. पुढे तो क्रमवारीतून वगळला गेला आणि आकड्यांतील गैरप्रकार उघड झाल्यानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये सगळा अहवालच बँकेने बंद केला. त्या अहवालात भारत १४२ वरून ६३ व्या क्रमांकावर आला तेव्हा आपल्याकडेही ढोल-ताशे वाजले होते. परक्याने दिलेले प्रशस्तिपत्र मिरवायचे आणि परक्याने काढलेले वाभाडे नाकारायचे, हे दोन्ही एकाच वेळी करता येत नाही.

१९४७ च्या त्या कायद्यासह २९ केंद्रीय कामगार कायद्यांची जागा घेणाऱ्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. १०० ऐवजी ३०० कामगारांपर्यंतच्या कारखान्यांना सरकारी परवानगीविना कामगार कमी करण्याची मुभा त्यात आहे. वेतन आणि सामाजिक सुरक्षा या दोन संहितांचे भारतीय मजदूर संघाने स्वागत केले. उरलेल्या दोन संहितांतील तरतुदींवर आक्षेप घेतले. ही भूमिका कोणाच्या निर्देशांकातून आली नाही, कारखान्यातल्या अनुभवातून आली. संघटित कारखानदारीत कंत्राटी कामगारांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात पोहोचले, तेही जुने, ‘कडक’ म्हणवणारे कायदे अस्तित्वात असतानाच. मग कायदा खरोखर कोणाचे हात बांधत होता, याचा शोध प्रथम कोणी घ्यायला हवा होता? लंडनने की आपण?

दांतवाला समितीचा विसर

आपण असा शोध घेऊ शकत नाही, असे मुळीच नाही. एकदा घेतला होता. पंचवार्षिक योजनांच्या आरंभीच्या काळात देशात बेकार किती, याचा एकच आकडा योजना आयोग देत असे. मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक मो. ला. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० साली आपल्या अहवालात या एका आकड्याला रजा दिली. पगारी नोकरीवर उभ्या असलेल्या पाश्चात्त्य समाजात ‘नोकरी आहे’ आणि ‘नोकरी नाही’ असे दोन कप्पे पुरतात. भारतातला शेतकरी पेरणीला राबतो, उन्हाळ्यात दुसऱ्याच्या बांधावर जातो, मध्ये चार महिने अर्धपोटी बसतो; त्याला कोणत्या कप्प्यात टाकणार? म्हणून समितीने सांगितले की, एकाच आकड्याचा हट्ट सोडा आणि बेकारी निरनिराळ्या अंगांनी मोजा. त्यानुसार १९७२-७३ च्या फेरीपासून राष्ट्रीय नमुना पाहणीने वर्षभराची सर्वसाधारण स्थिती, आठवड्याची स्थिती आणि दिवसाची स्थिती अशी तीन मापे वापरली. दिवसाच्या मापात अर्ध्या दिवसाचे कामही मोजले जाई. परकी संकल्पना इथल्या मातीत घासून पाहणे आणि बसत नसेल तर स्वतःची घडवणे म्हणजे काय, याचा तो नमुना होता.

त्याच सुमारास पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्यावरचा आपला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी महाराष्ट्राने राबवली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. मागेल त्याला काम, ही कल्पना बॉन किंवा वॉशिंग्टनहून आली नव्हती. इथल्या माळावर काय पिकते हे ठाऊक असणाऱ्या माणसांकडून आली होती. विशेष म्हणजे, नंतर जगभरच्या संस्थांनी त्याच योजनेवर निबंध लिहिले.

आज चित्र काय? एप्रिल २०२५ पासून दरमहा बेकारीचा एक आकडा प्रसिद्ध होतो. तो साप्ताहिक स्थितीचा असतो. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी एक तास जरी काम केले असेल, तरी माणूस रोजगारात धरायचा, ही आंतरराष्ट्रीय कसोटी. आकडे लवकर मिळू लागले हे चांगलेच झाले. परंतु संध्याकाळच्या दूरचित्रवाणी चर्चांत हाच एक आकडा घेऊन दोन बाजू एकमेकांवर तुटून पडतात आणि दांतवाला समितीने ज्या ‘एका आकड्या’ची सुट्टी केली होती, तो मागल्या दाराने परत आला आहे, याची वार्ताही कोणाला नसते.

या घोळाची खरी किंमत मोजते ती स्त्री. सरकारी सर्वेक्षणाच्या वर्षभराच्या मापानुसार श्रमबलातील स्त्रियांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेले. मुंबईतीलच एका खासगी संस्थेच्या पाहणीत मात्र हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळत राहिले. दोन्हीकडे लबाडी नाही. एकीकडे वर्षातून तीस दिवस केलेले दुय्यम कामही धरले जाते, दुसरीकडे मुलाखतीच्या दिवसापुरती स्थिती विचारली जाते. पहाटे गोठा आवरून, दूध घालून, दुपारी सोयाबीन खुरपणारी विदर्भातली बाई एका कागदावर कामगार आणि दुसऱ्या कागदावर रिकामी. सरकारचे समर्थक पहिला कागद फडकावतात, टीकाकार दुसरा. ४१ टक्क्यांतल्या किती जणींच्या हाती स्वतःचा पैसा येतो, हे पहिल्या कागदाच्या मथळ्यात नाही. आणि त्या किती राबतात, हे दुसऱ्यावर नाही. २०१३ साली जिनिव्हाला भरलेल्या सांख्यिकी परिषदेने तर आणखी एक पाऊल टाकले. स्वतःच्या कुटुंबाच्या पोटासाठी धान्य पिकवणे हे ‘काम’ आहे, पण ‘रोजगार’ नाही, असा ठराव केला. विक्रीसाठी पिकवले तरच रोजगार. आपल्या सर्वेक्षणाने जुनीच व्याख्या कायम ठेवली आहे, हे योग्यच. पण ती कायम ठेवण्याचे कारण जगाला ठणकावून सांगणारा भारतीय संशोधन संस्थेचा ग्रंथ कोठे आहे? नसेल, तर उद्या ‘जागतिक निकषांशी सुसंगती’च्या नावाखाली कोट्यवधी अल्पभूधारक कुटुंबे एका परिपत्रकाने रोजगाराच्या यादीतून उडतील.

आकडे वाचण्याची शिस्तही अंगी बाणवावी लागेल. मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी भारताच्या रोजगाराचा अहवाल प्रसिद्ध केला. देशातल्या बेकारांपैकी सुमारे ८३ टक्के तरुण आहेत, असे त्यात होते. काही तासांत ‘देशातले ८३ टक्के तरुण बेकार’ अशी आरोळी उठली. प्रत्यक्षात त्याच अहवालात तरुणांतील बेकारीचे प्रमाण २०२२ साली बारा टक्क्यांच्या आसपास दिले होते. या गोंधळावर हसून विषय संपवणाऱ्यांनी मात्र त्याच अहवालातली दुसरी ओळ वाचली नाही: तरुण पदवीधरांतली बेकारी २९.१ टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतली ३.४ टक्के. ही ओळ कोणत्याही परकीय कारस्थानातून आलेली नाही. आपल्याच सर्वेक्षणातून काढलेली आहे. पोराच्या पदवीसाठी शेत गहाण टाकणाऱ्या बापाला तिचे उत्तर देणे, हे आपल्या विद्यापीठांचे काम होते.

नोएडाची वराहगिरी व्यंकट गिरी राष्ट्रीय श्रम संस्था, परळची नारायण मेघाजी लोखंडे श्रम विज्ञान संस्था, पुण्याची गोखले संस्था, एवढी घरची नावे हाताशी असताना हे प्रश्न अनाथ का पडावेत? एक प्रश्न तर आज दारात उभा आहे. नीती आयोगाच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख लोक भ्रमणध्वनीवरच्या कंपन्यांसाठी घरपोच वस्तू देणे, वाहन चालवणे अशी कामे करत होते. सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना नाव दिले, पण ते नोकर की स्वयंरोजगारी, हे ठरलेले नाही. जिनिव्हाच्या परिषदेने २०१८ सालीच त्यांच्यासाठी ‘अवलंबित कंत्राटदार’ असा नवा वर्ग पाडून ठेवला आहे. दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे, अपघात त्याचा. दर, वेळ आणि शिक्षा कंपनीची. हा माणूस किती तास रस्त्यावर असतो, पेट्रोल वजा जाता हाती किती उरते, वर्षभरात किती जण हे काम सोडून जातात, याची प्रत्येक फेरीची नोंद कंपन्यांच्या संगणकांत आहे. ती नोंद, नावे वगळून, या तीन संस्थांना खुली करण्याची अट राज्य सरकारने नोंदणीच्या नियमांतच घातली पाहिजे आणि कामगार संघटनांनी ती मागणी आत्ताच, नियम कागदावर ओले असतानाच, लावून धरली पाहिजे.